पन्नास ओहम

रितेशची होडी पूर्णगडसमोर बुडाली त्याला चार महिने झाले होते. त्याची बहीण अक्षया तेराव्यानंतरच्या सोमवारी कामावर हजर झाली, आणि तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. मिरजोळ्याच्या त्या छोट्या कारखान्यात होड्यांवरून उपग्रहाकडे संकटाचा संदेश पाठवणाऱ्या पेट्या बनत. आतल्या सर्किट बोर्डाची आखणी अक्षयाची. रितेशच्या होडीवरही तशीच पेटी होती. तिचा संदेश आला नव्हता.

गुरुवारी दाभोळहून एक पेटी परत आली. संदेश कधी जातो, कधी जात नाही, अशी तक्रार. अक्षयाने ती उघडली आणि बोर्डाच्या कडेला अँटेनाची केबल जिथे बसते, त्या कनेक्टरला मोजणीचं यंत्र जोडलं. केबल पन्नास ओहमची, अँटेनाही पन्नासची. पडद्यावरची रेषा पन्नासावर सरळ जायला हवी. ती कनेक्टरच्या पिनेपाशी विसावर घसरली आणि बोर्डावरच्या पुढच्या तांब्याच्या पट्टीभर तिथेच राहिली. बाहेर पडायची ताकद त्या सांध्यावरून थोडी माघारी फिरत होती. उपग्रह लांब, त्यामुळे संदेश हुकायला तेवढंही पुरे होतं.

कारण शोधावं लागलं नाही. गेल्या वर्षी तिनेच बोर्ड पातळ करून घेतला होता आणि पट्टीची रुंदी जुनीच ठेवली होती; मोजणीही पुन्हा केली नव्हती. बोर्ड पातळ केला की पट्टी अरुंद करायची, हे तिला झोपेतही ठाऊक होतं.

ती मालकांकडे, नितेश सावंतांकडे गेली.

"सर, पातळ बोर्डाच्या सगळ्या पेट्यांचे बोर्ड बदलायला लागतील. चूक माझी आहे."

"किती गेल्यात?"

"तेवीस."

 सावंतांनी हळू आवाजात विचारलं, "रितेशची?"

"अजून बघितलं नाही."

"मी बघू का?"

"नको. मी बघते."

तिने यादी उघडली. पातळ बोर्ड एकतीस नंबरपासून सुरू होत होते. रितेशच्या पेटीचा नंबर सतरा. पुढे तिच्याच हातची मोजणी: पिनेपाशी एकोणपन्नास. पेटी चांगली होती. त्याला बटण दाबायला वेळच मिळाला नसावा.

हायसं वाटतंय का, हे तिने चाचपून पाहिलं. नव्हतं वाटत. वाईटही वाटत नव्हतं. चूक निघाली असती तर निदान स्वतःवर चिडता आलं असतं. तिने यादी मिटली आणि संगणकावरच्या आखणीत पट्टी अरुंद करायला घेतली. पिनेपाशी ओहम वाढावेत म्हणून तिच्याखालच्या थरातलं तांबंही थोडं कापलं. तिसऱ्या खेपेला रेषा अठ्ठेचाळीसावर आली.

तीन आठवड्यांनी नवे बोर्ड घेऊन ती पूर्णगडच्या धक्क्यावर उतरली. पहिली होडी विठू तांडेलाची. लहानपणापासून तिला ओळखणारा माणूस. तिने पेटी उघडून बोर्ड बदलला, केबल घट्ट केली. तो बघत बसला होता.

"रितेशची पेटी पन अशीच बिघडलेली व्हती काय गो बाय?"

"नाही काका. त्याची बरी होती."

"मंग?"

"मग काही नाही."

 तिने सांगितल्यावर त्याने चाचणीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला.

"गेला," तो म्हणाला.

अक्षयाने यादीत खूण केली आणि पुढची होडी कुणाची ते विचारलं.