मालेसेला अडखळतो तिथे

आमचा मालेसेला म्हणजे महाहट्टी. "माझी तबकडी लागली तर मी घर सोडून जाईन," त्यानं सकाळीच बजावलं.

"जा की! गुडघे नेतील तिथवर जा," मी म्हटलं. थोरला भाऊ असला म्हणून काय झालं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे किती लाड करायचे?

त्या रविवारी आमच्या मामेलोडी वस्तीतल्या जाझ क्लबाची पाळी माझ्या अंगणात होती. दुपारी म्हातारे दुरंगी बूट चकाकवून, टोप्या तिरक्या करून, तबकड्या काखेत मारून आले. आमच्याकडे जाझ नुसतं ऐकत नाहीत, त्यावर नाचतात. जो तो आपापला, पण कुठल्या सुराला कुठला पाय पडायचा ते सगळ्यांचं ठरलेलं.

मालेसेलानं एक्क्याऐंशी साली एकट्याच्या नावावर एकच तबकडी काढली. अंगात आणायला वाजवतात ते आमचे मालोपोचे ढोल आणि त्यावर जाझची गिटार. काय दिवस होते ते! तो मागच्या पायरीवर सराव करायचा आणि ऐकता ऐकता माझी मक्याची लापशी, आमचा 'पाप', करपायची, मग आईच्या शिव्या. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी तिसऱ्या गाण्यात, ऐन रंगात, त्याचा हात अडखळला. दोन मात्रा चिडीचूप. जोबर्गची रेकॉर्ड कंपनी म्हणाली, वेळ संपला, असंच जाईल. तसंच गेलं. लाजेनं यानं गिटार टाकली ती टाकलीच. घरात ती तबकडी तो लावू देत नसे, आणि मला मेलीला मरायच्या आधी एकदा ती पुन्हा ऐकायची होती.

म्हणून मीच क्लबाचे म्होरके माशेगो यांना वडीलकीचा मान देत म्हटलं, "न्ताते, लावा ती. होईल ते होईल."

तिसरं गाणं सुरू झालं. आठ म्हातारे ओळीत नाचायला लागले. मालेसेला काठी टेकत दारात आला, चेहरा नुसता फुललेला निखारा. ती जागा आली आणि आठही जण एक पाय हवेत धरून, टोपीला हात लावून थबकले. दोन मात्रा. मग पाय धाडकन जमिनीवर! बायकांनी शिट्ट्या मारल्या.

"बंद करा!" मालेसेला ओरडला. "अरे मूर्खांनो, तिथं मी चुकलोय!"

"तू चुकला असशील," माशेगो नाचता नाचताच म्हणाले. "आम्ही चाळीस वर्षं बरोबर नाचतोय. आता मध्ये कडमडू नकोस."

"तिथं असं थबकायला शिकवलं कुणी तुम्हाला?"

"तूच की रे! तिथं वाटतं, आता पडलो. आणि कुणीच पडत नाही. त्या मजेसाठी तर ही तबकडी जपलीय."

मालेसेला मटकन खुर्चीत बसला. गाणं संपेपर्यंत त्याचे डोळे वाहत होते, आणि माझेही.

"मोक्गाडी," त्यानं मला विचारलं, "गिटार आहे का गं अजून?"

"माझ्या कपाटात आहे."

"तारा गंजून गेल्या असतील."

"कशानं गंजतील? दर वर्षी नव्या घालते मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काठी बाजूला ठेवून गिटार घ्यायला दोन्ही हात पुढे केले.