इसोबेबाईंची निरोपाची वही

तोमोएने वही पिशवीत घातली खरी, पण ती बाहेर काढायची नाही, हे तिने इसोबेबाईंच्या दारात चपला काढतानाच ठरवून टाकलं.

पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाची अशी एक निरोपाची वही असते. सकाळी आईने लिहायचं, झोप झाली का, पोट बरं आहे का. संध्याकाळी बाईंनी उत्तर द्यायचं. इसोबेबाईंनी तीस वर्षं उत्तरं दिली आणि गेल्या महिन्यात, मुलांना दुपारचं झोपवून झाल्यावर, खुर्चीतच त्या गेल्या. अंत्यविधीच्या गर्दीत कुणालाच धड बोलता आलं नव्हतं. म्हणून या रविवारी दुपारी तोमोए आणि होनामी, तिथल्याच दोन मुलांच्या आई, काळे कपडे घालून भेटायला आल्या होत्या.

बाईंच्या फोटोपुढे दोघींनी उदबत्ती लावली, घंटा वाजवली. होनामी आधी रडली. रडतानासुद्धा ती छान दिसते, हे तोमोएच्या नजरेतून सुटलं नाही.

बाईंची मुलगी फुमिए चहा आणि मिठाई घेऊन आली. तिशीची, हुबेहूब आईची हनुवटी.

"तुमच्या आईंनी मला तारलं हो," होनामी म्हणाली आणि तिने सरळ आपली वहीच चटईवर उघडली. कोपऱ्यात बाईंच्या हातचं गोगलगाईचं चित्र. "हे बघा ना. 'तुम्ही चांगल्या आई आहात. असं मी सगळ्यांना लिहीत नाही.'"

तोमोएने हातातला पेला खाली ठेवला.

हेच वाक्य तिच्याही वहीत होतं. शब्द न् शब्द. नवरा बदलीवर साप्पोरोला, मुलगा रिकु घास तोंडात धरून बसायचा, वजनाचा काटा हलायला तयार नाही. त्या दिवसांत हे वाक्य तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या किती वेळा वाचलं होतं! आणि ते होनामीलाही? हिची पोरगी तर लाकूडसुद्धा चावून खाईल. हिला कसली आली होती गरज? वर गोगलगाय! रिकुच्या वहीत कधी साधं फूलही नव्हतं.

"रिकुची आई, तुम्हाला पण लिहिलं असेल की," होनामी डोळे पुसत म्हणाली. "आणलीत का वही?"

"नाही," तोमोए म्हणाली. "घाईत राहिली."

पिशवी तिने गुडघ्याआड सरकवली. एक पान अजून तिचं एकटीचं होतं. तेवढं तरी तिला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

फुमिए होनामीच्या वहीवरून बोट फिरवत होती. "किती लिहायची!" ती हसली, पण हसणं ओठांतच अडकलं. "घरी यायची ती दमून. 'जेवलीस का', 'दार लाव', बस्स. मला कधी दोन ओळींची चिठ्ठी नाही लिहिली. खरं सांगू? रागावू नका हं. लहानपणी मला या वह्या जाळाव्याशा वाटायच्या. आई सगळी तुम्हालाच मिळाली."

होनामीने मिठाई उचलली आणि तशीच खाली ठेवली.

तोमोएला मात्र ते पुरतं कळलं. तीही आत्ता नेमकी तशीच जळत होती. फरक एवढाच, की ती पाळणाघरातल्या बाईंसाठी जळत होती आणि ही स्वतःच्या आईसाठी.

तिने पिशवी पुढे ओढली.

"आणली आहे मी," ती म्हणाली. "मघाशी खोटं बोलले."

"अगंबाई!" होनामी म्हणाली.

तोमोएने ते पान उघडून वही फुमिएपुढे ठेवली. तिथे बाईंचं बारीक, तिरकं अक्षर होतं:

'माझी फुमिएही अशीच घास धरून बसायची. मी सुपारीएवढे भाताचे गोळे करून पाखराची अंडी म्हणून ताटलीत ठेवायची आणि पाठ फिरवून भांडी घासत बसायची. बघत राहिलं की तिला गिळता यायचं नाही. वळून पाहिलं की सातच्या सात अंडी गायब! आई होणं मला तिने शिकवलं. तुम्हीही जरा दुसरीकडे बघा. रिकु खाईल.'

फुमिए पहिल्या ओळीवर थांबली. मग वहीवर वाकली.

"काय लिहिलंय? बघू तरी," होनामीने मान लांब केली.

तोमोएलाही बघायचं होतं. वहीतलं नव्हे, ते तर तिला पाठच होतं; बघायचा होता फुमिएचा चेहरा. आपलं पान दुसरीच्या मालकीचं होताना कसं दिसतं, ते. पण तिने होनामीची बाही धरून तिला अंगणाकडे वळवलं.

"झाडाला पर्सिमन बघा केवढे लागलेत यांच्याकडे."

"कच्चे आहेत हो," होनामी कुरकुरली.

"असू देत. बघा."

मागे पान उलटल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. तोमोएने वळून पाहिलं नाही.