तेराशे सत्तर सालचं नाणं

बारा वर्षं मी कपाळाचं कुंकू पुसलं नाही, म्हणून गावानं मला काय कमी बोलून घेतलं? "रंगूला अजून आशा हाय गो!" पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. असू दे की! आशा माझी, कपाळ माझं. तुमच्या बापाचं काय जातंय?

माझा नवरा अनंता लढाईच्या दिवसांत खलाशी म्हणून बोटीवर गेला. त्रेचाळीस साली मुंबईहून निरोप आला, बोट बुडाली, कुणी वाचलं नाही. पण त्याचा देह कुणी पाहिला नव्हता. असा माणूस बेपत्ता झाला की आमच्यात बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून जाळतात, दिवस घालतात, आणि बाई विधवा होते. पंचावन्नच्या चैत्रात माझी बारा वर्षं भरली. दीर भागोजी भटजींना सांगून आला, दर्भाची पेंढी पडवीत येऊन पडली.

आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गावचा हिरामण खलाशी एक पुरचुंडी घेऊन दारात उभा राहिला.

"वैनी, एडनच्या बंदरात एकानं दिली. त्याला आणखी दुसऱ्यानं दिलेली. म्हसळ्याजवळच्या रंगूला पोचवा, एवढाच सांगावा. पहिल्यानं कधी दिली ते द्येवाला ठावं."

फडकं मी बघताक्षणी ओळखलं. माझ्याच हिरव्या लुगड्याचा काठ तो! जाताना त्यात ग्रामदेवतेचा अंगारा बांधून मीच त्याच्या खिशात घातला होता. आत आता अंगारा नव्हता. चांदीचं एक नाणं होतं, वर उर्दूसारखी अक्षरं.

"दादानं बुडायच्या आधी धाडलं असंल," भागोजी म्हणाला. "ह्याच्या त्याच्या हातून येताना वर्सं लागतात, वैनी."

तेही खरंच. आधी दिलं की नंतर, एवढंच मला हवं होतं, आणि ते सांगायला त्या नाण्याशिवाय कुणी नव्हतं.

भागोजी नाणं घेऊन माणगावच्या सोनाराकडे गेला. आपल्याला उर्दू आकडे वाचता येतात, असा त्या सोनाराचा तोरा. संध्याकाळी दीर आला तो नाचतच.

"वैनी, तेराशे सत्तर साल! शिवाजी म्हाराजांच्याही आधीचं! मुंबैला शंभर रुपये कुठं गेले न्हाईत. बैलाची जोडी घेऊ."

बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी! माझा धीर मात्र खचला. इतकं जुनं नाणं अनंताला कुठंही, कधीही मिळालं असेल. त्यावरून काय कळणार?

मी ते हातात घेऊन चाचपलं. कडेच्या रेघा बोटाला टोचत होत्या. आमच्या घरातला राणीछाप रुपया पार गुळगुळीत झालाय, मग हे सहाशे वर्षं काय डब्यात निजलं होतं?

"भावजी, तुमच्या सोनाराचं डोकं तपासून घ्या," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी नाणं कमरेला खोचून म्हसळ्याची वाट धरली. तिथले हाजीचाचा आदल्या सालीच बोटीनं हजला जाऊन आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि हसायलाच लागले.

"पोरी, हा सौदीचा रियाल. साल तेराशे सत्तर बराबर हाय, पण ते आमचं हिजरी. इंग्रजी न्हाय. आता आमचं तेराशे चौऱ्याहत्तर चालू हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे हा पाडून चार वर्सं झाली. किंमत म्हणशील तर चांदीच्या भावाची."

बारा वर्षांपूर्वी बुडालेला माणूस चार वर्षांपूर्वीचं नाणं फडक्यात कसं बांधेल? हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. चाची पाणी घेऊन धावल्या. "जिता हाय, चाची! माझा माणूस जिता हाय!" मी त्यांचा हात सोडीना.

परतताना खाडीपर्यंत मी जवळजवळ पळतच आले. मग पाय जड झाले. हाजीचाचा त्याच मुलखात गेले आणि घरी आलेसुद्धा. त्यांना बोट मिळाली, मग अनंताला का नाही?

घरी येऊन आधी दर्भाची पेंढी उचलून परसात फेकली. "भटजींना सांगा, काम नाही." भागोजीला नाण्याचं खरं साल सांगितलं. बैलांची जोडी गेली, पण भाऊ मिळाला, म्हणून त्याचे डोळे भरून आले. रात्री पानावर बसल्यावर मात्र त्यानं विचारलंच, "वैनी, मग दादा येत का न्हाय?"

"जेवा मुकाट," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.

वाढता वाढता हात थांबला. जिता आहे म्हणजे तोही रोज कुठंतरी जेवत असेल. कुणीतरी त्याला वाढत असेल. त्या मेलीला ठाऊक तरी असेल का, त्याला भात मऊ लागतो ते?