सात नंबरचा आडोसा

माझ्या दोन्ही अंगांना माणसे बसत आणि दोघांनाही माझी पाठच दिसे. मित्रांनो, मी एक जुना लाकडी आडोसा आहे. टेबलाच्या मधोमध उभे राहायचे आणि अलीकडच्या माणसाला पलीकडचे माणूस दिसू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. माझ्या वरच्या कोपऱ्यात सात हा आकडा कोरून पांढऱ्या रंगाने भरला होता. रंग केव्हाच उडाला, पण बोट फिरवले तर आकडा अजून हाताला लागतो.

आम्ही बारा भावंडे एकाच आठवड्यात जन्मलो. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला करून घेतले. सुतार वयस्क होता, कानावर पेन्सिल आणि तोंडात खिळे. मॅडम त्याला म्हणाल्या, "इतका उंच करा, की मान ताणली तरी पलीकडचं दिसता कामा नये."

सुताराने खिळे हातात घेतले आणि म्हणाला, "मॅडम, आजवर दारं केली, खिडक्या केल्या. माणसानं माणसाला बघू नये म्हणून पैसे देणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"आणि तळाशी एक फट ठेवा. तिच्यातून पाकीट गेलं पाहिजे."

"पाकिटात काय असणार?"

"लाकडी सोंगट्या. कधी दोन, कधी तीस."

सुताराने तीस सोंगट्या भरून पाकीट फुगवले, त्याची जाडी मोजली आणि वर एक बोट जागा जास्त धरली. पाकीट अडकले की शिव्या सुतारालाच बसतात, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. मॅडमनी माप तपासले, मान डोलावली. त्या एका बोटाचा विचार त्या दिवशी कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही.

आम्हाला नव्या खोलीत मांडले तेव्हा विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, दारातूनच हसले. "अर्थशास्त्राला कसली हो प्रयोगशाळा? परीक्षानळीत बाजार उकळणार का?"

"उकळत नाही, सर. माणसं बसवते आणि बघते."

"काय बघता?"

"पुस्तकात लिहिलंय तशी वागतात का, ते."

सर म्हणाले, "साठ जोड्या बसवून दाखवा. मग खोली तुमची. नाहीतर इथे जुने पेपर ठेवायला जागा हवीच आहे मला."

आता तो खेळ तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. माझ्या अलीकडे बसणाऱ्याला दहा सोंगट्या मिळत. खेळ संपल्यावर एका सोंगटीमागे एका चहाचे पैसे. त्याला वाटले तर त्याने सगळ्या स्वतःकडे ठेवाव्या. वाटले तर काही पाकिटात घालून फटीतून पलीकडे सरकवाव्या. पलीकडे गेलेली प्रत्येक सोंगटी तिप्पट होई. पलीकडचा माणूस शेजारच्या डब्यातून एकाला दोन अशा जादा सोंगट्या काढून घेई. मग त्यातल्या किती परत पाठवायच्या, हे ठरवणे त्याच्या हाती. एकही पाठवली नाही तरी कोणी विचारणार नाही. नाव नाही, गाव नाही, तोंडओळख नाही.

पुस्तकात म्हणे असे लिहिले होते, की शहाणा माणूस फक्त स्वतःचा फायदा बघतो. म्हणजे पलीकडचा काहीच परत करणार नाही. अलीकडच्याला हे आधीच ठाऊक, म्हणून तोही काही पाठवणार नाही. पुस्तकाचे ऐकायचे, तर माझी फट जन्मभर रिकामीच राहायला हवी होती.

ती रिकामी राहिली नाही, मित्रांनो.

माणसे समोरच्या दाराने आणि मागच्या दाराने अशी वेगवेगळी आत येत. शिपाईमामा त्यांना चिठ्ठ्या उचलायला लावून जागा देत आणि बजावत, "बोलायचं नाही, खाकरायचं नाही, पलीकडे डोकावायचं तर मुळीच नाही. डोकावलात तर मॅडम तुम्हाला नाही, मला ओरडतात." खेळ संपला की पलीकडच्यांना मामा मागच्या खोलीत नेऊन बसवत. अलीकडचे समोरच्या दाराने निघून गेले, की पाव तासाने त्यांना मागच्या दाराने सोडत. दोघांची रस्त्यातही गाठ पडू नये, असा नियम होता.

मी बसचालक पाहिले, परिचारिका पाहिल्या, निवृत्त मास्तर पाहिले. एक मुलगी पाकिटावर फुंकर घालून ते सरकवी. एका मास्तरांनी दहा सोंगट्या तीन वेळा आत घातल्या, तीन वेळा बाहेर काढल्या आणि शेवटी चार पाठवल्या. काहींना दुप्पट परत मिळाले, काहींच्या हाती रिकामे पाकीट आले. रिकामे पाकीट उघडणारा माणूस आधी ते उलटे करून झटकतो, मग माझ्याकडे बघतो. माझ्याकडे कसला, माझ्या पलीकडे. असे किती डोळे माझ्यावर रुतले असतील, मोजदाद नाही. कोण आहे तिकडे? मला का फसवले? किंवा, मला एवढे का दिले? मला दोन्ही तोंडे दिसत. मला वाचा असती तर मी सांगितले असते. पण न सांगणारा म्हणूनच मला घडवले होते.

एकोणसाठ जोड्या झाल्या. साठाव्या जोडीला माझ्या अलीकडे एक शिवणकाम करणारी ताई बसली. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती. मामा हळूच म्हणाले, "ताई, इथं कुणाचं माप घ्यायचं नाहीये." ती हसली आणि पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली. पलीकडे एक मधल्या वयाचा माणूस बसला. शर्टाच्या खिशात बारीक चिमटा आणि एका डोळ्याला लावायचे भिंग. घड्याळे दुरुस्त करणारा असावा.

खेळ दोन फेऱ्यांचा होता. पहिल्या फेरीत ताईने दोन सोंगट्या पाठवल्या. पलीकडे दोनाच्या सहा झाल्या. त्या माणसाने आधी तिच्या दोन बाजूला काढल्या, मग उरलेल्या चारांचे सारखे दोन वाटे केले. तिच्या दोन आणि वाट्याच्या दोन, अशा चार सोंगट्या त्याने पाकिटात घातल्या आणि पाकीट फटीतून सरकवले.

चार सोंगट्यांचे पाकीट पातळ, त्यात फटीची ती एक बोट जास्तीची जागा तेव्हा नडली. पाकिटाबरोबर त्याचा अंगठा अलीकडे आला. अंगठ्याचे नख मधोमध उभे चिरलेले होते, दोन पाकळ्यांसारखे.

ताईचा हात पाकिटावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटले, चार आल्या म्हणून आनंदली. पण तिने पाकीट उघडलेच नाही. अंगठा मागे गेला तरी ती त्या फटीकडे बघत होती.

मामा म्हणाले, "दुसरी फेरी. ताई, दहा नव्या सोंगट्या. किती पाठवता?"

तिने दहाच्या दहा दुसऱ्या पाकिटात भरल्या. सरकवताना स्वतःची बोटे मात्र तिने आखडून घेतली आणि पेन्सिलीच्या टोकाने पाकीट पलीकडे ढकलले.

पलीकडे तीस सोंगट्यांचा ढीग झाला. साऱ्या दिवसात एवढा ढीग कोणापुढे झाला नव्हता. त्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग दारांकडे पाहिले. तीसही खिशात घालून तो निघाला असता, तर त्याला कोण अडवणार होते? अलीकडे ताईने डोळे मिटून घेतले होते. मित्रांनो, माझ्या एका अंगाला तो मोजत होता आणि दुसऱ्या अंगाला ती श्वास धरून बसली होती. मी मध्ये, बोटभर जाडीचा.

त्याने दहा बाजूला काढल्या. उरलेल्या वीसचे दोन वाटे केले. वीस सोंगट्या पाकिटात घातल्या, दहा आपल्यापुढे ठेवल्या. पाकीट इतके जड झाले, की ते सरकवायला त्याला दोन्ही अंगठे लावावे लागले.

ताईने ते मोजले नाही. हातात तोलले आणि उराशी धरले.

मामांनी पलीकडच्या माणसाला मागच्या खोलीत नेले आणि परत येऊन ताईची दोन्ही पाकिटे मोजली. चार आणि वीस. मग म्हणाले, "चला ताई, पैसे घ्या. चांगलीच कमाई झाली की."

"मला मॅडमशी बोलायचंय."

मॅडम वही घेऊनच आल्या. ताई म्हणाली, "माझं खोडा. मला कळलं होतं पलीकडे कोण आहे ते."

"कसं कळलं?"

"तो अंगठा मीच चिमटलाय दारात. सहा वर्षांचा होता तो. माझा धाकटा आहे."

मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. ताई सांगू लागली. वडील गेल्यावर त्यांच्या घड्याळाच्या दुकानात धाकटा बसला. वडिलांची हत्यारे त्याने विकून खाल्ली, असे कोणीतरी तिच्या कानावर घातले. तिने जाऊन चार लोकांत त्याला नाही नाही ते सुनावले.

"तो काय म्हणाला?" मॅडमनी विचारले.

"काहीच नाही. एवढंच म्हणाला, 'ताई, तुला माझ्याबद्दल असं वाटतं?' त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. दुकान दोन गल्ल्यांवर आहे, मी वळसा घालून जाते. हत्यारं विकली की नाही, मला ठाऊक नाही. पण मॅडम, त्याला काय ठाऊक मी आहे ते? परक्या माणसाला त्यानं वीस दिल्या. आधी त्याचं त्याला, मग निम्मं. वडील घरात खाऊ अस्साच वाटायचे."

मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना काही सांगू शकत नाही हो. पलीकडे कोण होतं ते कळणार नाही, असा शब्द दिलाय मी त्यांना. तुम्हालाही दिला होता, तो आमच्या फटीनं मोडला."

"तुम्ही नका सांगू. सांगायचं ते माझं मी बघेन," ताई म्हणाली. पण उठली नाही. म्हणाली, "त्यानं ओळखच दिली नाही तर?"

मॅडमनी वहीतल्या साठाव्या जोडीवर रेघ ओढली, तीही पट्टी लावून, सरळ. त्या रेघेची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

ताई समोरच्या दाराने गेली. मामा खिडकीशी उभे राहिले. "मॅडम, त्या कोपऱ्यावर थांबल्यात, मागच्या दाराची गल्ली निघते तिथं. ना डावीकडे जातायत, ना उजवीकडे. पाव तास होत आलाय. मागच्यांना सोडू का?"

"सोडा."

मागचे दार उघडल्याचा आवाज आला. मामा पुन्हा खिडकीकडे धावले. तेवढ्यात मॅडमनी पुढे होऊन पडदा ओढून घेतला.

"अहो मॅडम, बघू तरी द्या!"

"नाही मामा. खेळ संपल्यावर कोण कुणाला भेटलं, हे आपण बघायचं नाही. नियम आपलाच आहे."

मामांनी कपाळाला हात लावला. मॅडम पडद्याची दोरी धरून उभ्याच राहिल्या, आणि मी पाहिले, त्यांचाही कान रस्त्याकडे होता. रस्त्यावर गाड्या होत्या, पावले होती. त्यातले कोणते पाऊल कोणाचे, मला कसे कळणार? मी सगळी दुपार कान लावून होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही चाळली. "एकोणसाठ? साठावी कुठे गेली?"

"खोडली. पाठवणाऱ्या बाईंना पलीकडचं माणूस ठाऊक होतं."

"तुम्ही बोलला नसता तर मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतंच कळलं, सर."

सरांनी त्या सरळ रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "ही खोडलीत म्हणजे बाकीच्या एकोणसाठ खऱ्या असणार. ठेवा खोली." पुस्तकातले ते शहाण्या माणसाचे वाक्य त्यांनी वर्गात शिकवणे सोडले नाही, पण त्यानंतर ते शिकवून झाले की एकोणसाठ जोड्यांची गोष्टही सांगू लागले, असे मामा म्हणत.

सुताराला बोलावणे गेले. त्याने आम्हा बाराही जणांच्या फटीवर एकेक पट्टी ठोकली. "एवढंसं बोट, आणि केवढा गोंधळ," तो पुटपुटला. त्यानंतर माझ्यातून कोणाचा अंगठा कधी दिसला नाही. काम चोख झाले. मॅडमच्या खोलीचे नाव दूरवर गेले, बाहेरगावचे पाहुणे येऊन माझ्यावर टिचकी मारून जात. मला मात्र ती पट्टी आली तेव्हापासून फार कोंडल्यासारखे होई.

पुढे संगणक आले. आता म्हणे माणसे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या शहरांतही बसतात आणि पडद्यावर बोट टेकवून पाठवतात. मध्ये उभे राहायला कोणी लागत नाही. माझी नऊ भावंडे कपाटांची पाठ व्हायला गेली, दोघे पाण्याने फुगून मेले. मी अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे उभा आहे. मॅडम निवृत्त झाल्या, मामाही गेले.

मित्रांनो, मला ओल फार सोसवत नाही. कोणी मला दोन विटांवर उभे केले आणि वर्षातून एकदा उन्हात नेले, तर मी अजून पुष्कळ टिकेन. टेबल नको, रंग नको. मला टिकायचे आहे ते एवढ्यासाठी, की मला अजून एक गोष्ट कळायची आहे. तुमच्या रस्त्यावर घड्याळाचे एखादे जुने दुकान असेल, तर काचेतून आत बघा. दुरुस्त करणाऱ्याच्या अंगठ्याचे नख चिरलेले आहे का, बघा. आणि आत त्याच्याजवळ गळ्यात मोजपट्टी घातलेली एखादी म्हातारी बसलेली असेल, तर त्यांना काही विचारू नका. फक्त या खोलीत या, दार जरा उघडा आणि मला सांगून जा.

आणि ती दिसली नाही, तरीही या. मी वाट बघतो आहे.