वायुनाथांचं कवच आणि चांदणीची बाहुली

रविवारी सकाळी पूनम सागर सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत आला होता. आत टेबलावर भलामोठा एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. त्याच्या पाठीमागे, हवा खेचली जाते त्या बाजूला, प्लास्टिकच्या दोन बाहुल्या उभ्या होत्या. एकीच्या गळ्यात काळा गोफ, गोफात पितळी चकती, भक्तांना विकलं जाणारं ‘कवच’.

“ये है विमान का इंजिन,” वायुनाथ महाराज म्हणाले. “कलियुगातला राक्षस. श्वास घेतो आणि माणूस गिळतो.”

त्यांनी स्पीड वाढवला. बिनगोफाची बाहुली घसरत जाऊन जाळीवर आपटली. गोफवाली जागची हलली नाही. हॉलभर हात जोडले गेले. जमलेले बहुतेक एअरपोर्टवर कामाला होते, लोडर, सफाईवाले, ड्रायव्हर, आणि त्यांच्या बायका.

एक वर्षाच्या लेकीला, चांदणीला, कडेवर घेतलेली राजश्री मात्र नवऱ्याच्या गळ्याकडे बघत होती. लोडर असलेल्या गणेशनं पंधरा दिवसांपूर्वीच गोफ घातला होता. काल जेवताना हसत म्हणाला, “आता लाल दिवा विझायची वाट नाय बघत. विमान थांबलं की थेट त्याच्या पोटाखाली.” लग्न नवं असताना त्यानंच ताटाचं विमान करून तिला समजावलं होतं, विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा चालू म्हणजे इंजिन चालू.

“महाराज, गोफ जरा दुसरीला घाला ना,” राजश्री म्हणाली.

“ताई, श्रद्धेची अदलाबदल होत नसते.”

“मी कूस बदलली तरी पोरीला दूध मिळतंच की. तुमचंच कवच एवढं नाजूक कसं?”

बायका पदराआड खुदखुदल्या. तेवढ्यात चांदणीनं झेप घेऊन गोफवाली बाहुली धरली. घरी असलीच बाहुली एका तंगडीला धरून दिवसभर फिरवणारी ही पोर, पण ही बाहुली तिला दोन्ही हातांनी उचलेना. राजश्रीनं बाहुली घेतली आणि घरच्या बाहुलीत गेलेलं पाणी काढायच्या सवयीनं मुंडकं उपटलं. टेबलावर वाळू सांडली.

“उत्तनच्या किनाऱ्यावरची दिसते,” मागून कोणीतरी म्हणालं. “सुकटीचा वास येतोय.”

“मंत्रानं भारलेली आहे ती,” महाराज पुटपुटले.

“मग गोफ कशाला विकता? वाळूच खायला घाला,” राजश्री म्हणाली.

तिनं गोफ हलक्या बाहुलीला घालून तिला फॅनमागे ठेवलं. बाहुली सर्रकन जाळीला चिकटली. गोफ जाळीतून आत खेचला गेला, पात्याला गुंडाळला, चकती खडखडली आणि फॅन अडकून बंद पडला.

गणेशचा हात आपल्या गळ्याशी गेला. सैल काही घालून इंजिनजवळ जायचं नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

“बोल,” राजश्री म्हणाली.

“काय बोलू?”

“ते ताटाच्या विमानाचं.”

सगळ्यांसमोर तो हळू आवाजात म्हणाला, “लाल दिवा विझला पाहिजे. चाकं अडवणारे चॉक लागले पाहिजेत. इशारा मिळाला की मगच जायचं. चालू इंजिनच्या तोंडासमोर कधीच नाय.”

“आणि गळ्यात?”

“काय नाय.” त्यानं गोफ तोडून टेबलावर टाकला.

इंजिनला भक्त कोण नि नास्तिक कोण, काही कळत नाही. ते हवा खेचतं, आणि हवेबरोबर जे येईल ते. माणूस वाचतो तो लांब उभा राहिल्यामुळे. लाल दिवा विझेपर्यंत चार मिनिटं थांबायला कुठल्याही महाराजांचा आशीर्वाद लागत नाही.

चांदणी बापाकडे झेपावली आणि त्याच्या मोकळ्या गळ्याला लोंबकळली.

“हे चालेल,” राजश्री म्हणाली. “पण घरी आल्यावर.”