अस्वलांचा रविवार

वर्ना पेल्टोलाच्या आइस हॉकी संघाचं जगणं-मरणं त्या रविवारच्या दुपारवर होतं. लीगचा साहेब स्टेडियम किती भरतं ते बघायला येणार होता. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढल्या वर्षी संघ बंद. म्हणून वर्नाने अस्वलांचा सामना ठेवला. घरच्या संघाचा पहिला गोल झाला की लोक कापडी अस्वलं बर्फावर फेकतात, ती इस्पितळातल्या लेकरांना जातात. तेवढ्यासाठी अख्खं गाव येतं. आलंही.

साहेबाची गाडी मात्र वादळात अडकली. वर्ना तडक खेळाडूंच्या बाकाशी गेली. "तो येईस्तोवर गोल करू नका."

कप्तान रोरी हसला. "वर्नाबाई, एरवी गोल चुकला की म्हणता, ‘हात गहाण टाकलेत का रे?’"

"आज टाका!"

पण मेलं नशीब! चौथ्याच मिनिटाला खेळाची चकती रोरीच्या बुटाला लागून समोरच्या संघाच्या जाळ्यात गेली. वरून धबाधबा अस्वलं कोसळली. ती उचलायला अर्धा तास लागणार, म्हणून आया पोरांना कोट चढवू लागल्या.

वर्ना दारात आडवी उभी राहिली. "बसा की! सगळा सामना पडलाय."

"अस्वल फेकून झालं ना, वर्ना," बेकरीवाली डोना म्हणाली.

जन्मात कुणापुढे न वाकलेली वर्ना म्हणाली, "थोडा वेळ बस गं. पाया पडते तुझ्या."

डोनाने नजर चुकवली आणि पोराला घेऊन बाजूने निघून गेली. तिच्यामागून सगळेच गेले.

साहेब अंगावरचा बर्फ झटकत आत आला. "संपला वाटतं सामना?"

"नाही हो," वर्ना म्हणाली, "आत्ता कुठे सुरू झालाय."