तीन शाळांची शिवण-उसवण

शिक्षण खात्याने परिसरातल्या तीन प्राथमिक शाळांची गुणांसकट यादी लावली आणि टेलरमास्तरांच्या घरात वादाला तोंड फुटलं. सूनबाई पोस्टात कामाला, त्यामुळे छापील कागदावर त्यांचा भारी विश्वास. यादी त्यांनी जशीच्या तशी उतरवून आणली: बाजारातली शाळा पहिली, टेकडीवरची दुसरी, फाट्यावरची शेवटची. तिन्ही सरकारी, तिन्ही घरापासून जवळपास सारख्याच लांब. नात सहा वर्षांची झाली होती आणि शनिवारपर्यंत तिचं नाव कुठेतरी घालायलाच हवं होतं.

"पहिली ती पहिली. यात बघायचं काय, आबा?" सूनबाई म्हणाल्या.

"कागद काय बघतेस? कापड बघ!" टेलरमास्तर मशीनवरून ओरडले.

तिन्ही शाळांचे गणवेश शिवायला आणि दुरुस्तीला त्यांच्याकडेच येत. कुठली शाळा ते खिशावरच्या पट्टीवरून कळे, आणि बाकीचं सगळं, असं त्यांचं ठाम मत, फाटलेल्या जागेवरून कळे. बाजारातल्या शाळेच्या विजारी मागून विरून जाळी झालेल्या, गुडघे मात्र कोरे करकरीत. म्हणजे पोरं सकाळी बसवतात ती थेट घरी जाताना उठवतात. टेकडीवर सगळं उलटं. गुडघे गेलेले, कोपरं गेलेली, बसायची जागा नवीकोरी. एका खिशात तर जिवंत बेडूक निघाला होता. आणि फाट्यावरच्या शाळेचे सदरे आले की मास्तरांचं डोकंच फिरे, कारण एकाही सदऱ्याला धड बटणं नसत.

"गचांड्या धरून मारामाऱ्या करतात तिथे. माझी नात त्या आखाड्यात जाणार नाही," ते म्हणत आणि निमूटपणे नवी बटणं लावून देत.

खरी काळजी मात्र दोघांची एकच होती. नातीला घरात सगळे रेडिओ म्हणत. सकाळी लागला की झोप लागेपर्यंत चालू. पण उंबरा ओलांडला की रेडिओ बंद. दुकानात, दवाखान्यात, शेजारीपाजारी, परक्या माणसासमोर तिने आजवर तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. शाळेतही ती अशीच कोपऱ्यात बसून राहिली आणि शिक्षकांनी ठोंब म्हणून सोडून दिली तर? या विचाराने टेलरमास्तरांची झोप उडाली होती. परवा त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

शनिवारी सूनबाईंनी रजा टाकली आणि तिघं निघाली.

बाजारातल्या शाळेत टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता होती. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. "नाव काय बाळ तुझं?"

टेलरमास्तरांनी ताबडतोब नाव सांगितलं. वय सांगितलं. शंभरपर्यंत आकडे येतात, हेही सांगितलं. नात बुटांकडे बघत उभी.

"बोलत नाही वाटतं? उत्तम!" मुख्याध्यापक खूश झाले. "अशीच मुलं आम्हाला आवडतात. त्रास नाही."

सूनबाईंचा चेहरा पडला. यादीची घडी त्यांनी गुपचूप पर्समध्ये सारली.

टेकडीवरच्या शाळेत वर्गच रिकामे. सगळी शाळा मैदानात, आणि सर तोंडात शिट्टी धरून पोरांच्या मागे. त्यांनी पळता पळताच नाव विचारलं, टेलरमास्तरांनी पळता पळताच सांगितलं, आणि तेवढ्यात एक चेंडू येऊन सरांच्या कानाखाली बसला. नात आईच्या पदराआड गेली ती बाहेर येईना.

राहिला आखाडा. टेलरमास्तर आत शिरले तेच भांडायच्या तयारीने. "बाई, आधी एवढं सांगा, इथे मारामाऱ्या रोज होतात की दिवसाआड?"

बाईंना काही उमगेना. मास्तरांनी बटणांचा सगळा पाढा वाचला, तशा त्या हसल्या आणि कपाटातून एक मोठा डबा काढून त्यांच्यापुढे ओतला. "बेरीज शिकवायला घरून जुनी बटणं आणा म्हटलं होतं. पोरांनी अंगावरची आणली. परत लावून घ्या म्हटलं, तर म्हणतात, टेलरआजोबा नवी देतात!"

ढिगातलं बटण न् बटण त्यांच्याच दुकानातलं होतं. टेलरमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. सूनबाईंनी हसू दाबायला खोकला काढला.

बाई नातीसमोर खाली बसल्या. "यातलं तुला कुठलं आवडलं?"

"तिला निळं आवडतं," टेलरमास्तर म्हणाले.

"बरं. घरी कोण कोण असतं गं?"

"मी, तिची आई, तिचा बाप—"

"आणि दिवसभर काय करतेस?"

"माझ्याजवळ बसते, चिंध्यांच्या बाहुल्या—"

"आजोबा," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं नाव घालायचंय का शाळेत?"

"अहो, ती बोलत नाही परक्यांशी! म्हणून मीच—"

"कळलं. तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा."

टेलरमास्तरांना राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. हिला आपल्याशिवाय सोडायचं? त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी दाराकडे पाहिलं. ते उठले आणि पाय ओढत निघाले. दारापर्यंत पोचतात तोच मागून बारीक आवाज आला.

"बाई, दार लावा. नाहीतर आबा तिथूनही सांगतात."

दार लागलं. टेलरमास्तर बाकावर मटकन बसले. आतून तोच बारीक आवाज, आता जरा मोठा: "आणि मला निळा नाही आवडत. पिवळा आवडतो."

सहा वर्षं ते तिला निळेच फ्रॉक शिवत होते. कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं तेव्हा उत्तर त्यांनीच दिलं होतं.

आत रेडिओ लागला होता. आबा घोरतात, आबा सुई तोंडात धरतात, आईने बाबांना काल काय सुनावलं. टेलरमास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. आतून बाईंनी विचारलं, "आबा तुझे लाडके आहेत का गं?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं.